दादा नावाचा ट्रॅक

आधीच सांगतो, या पानावर येणारे बहुतेक भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि अर्ध्यावर सोडून देतो. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, बंद घरातलं रडणारं बाळ... आपल्याला नाही पटत. माझं पोटच आवाजावर आहे. वीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय. रिकाम्या खोलीत आवाज आला की मी आधी वायर तपासतो, मग अर्थिंग, मग शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर. तिथेच उत्तर सापडतं, नेहमी. तरीही हे लिहितोय, कारण ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं आणि त्याने मला खोटं ठरवलं. तुम्हीही ठरवलंत तर माझं आता काही बिघडत नाही.

राहायला विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. स्टुडिओ पश्चिमेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या — एकीत माइक, दुसरीत मी, मध्ये काच. कामं डबिंगची, आरत्यांची, मुलांच्या गोष्टींची. सगळं लिनक्सवर चालतं. या धंद्यातले लोक त्यावर हसतात. हसू देत. लिनक्स मला न विचारता काही करत नाही, आणि ह्या एकाच गुणावर मी त्याच्याशी दहा वर्षं संसार केलाय.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनक्सवर आवाजाचं काम एका सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. एक रेकॉर्ड करतं, दुसरं आवाज साफ करतं, तिसरं त्यात घुमारा घालतं, आणि या सगळ्यांच्या मध्ये स्क्रीनवर वायरी जोडाव्या लागतात. कुठला माइक कुठल्या ट्रॅकला, ते आपण ठरवायचं. रोज हे नव्याने जोडत बसलो तर दिवस त्यातच जाईल. म्हणून सेशन मॅनेजर असतो. काम संपलं की तो सगळी मांडणी लिहून ठेवतो, आणि पुढच्या वेळी सेशन उघडलं की सगळे प्रोग्रॅम आणि सगळ्या वायरी होत्या तशा परत लावून देतो. तुम्ही सोडून गेलात तसंच घर पुन्हा सापडावं, तसं. स्वतःच्या मनाने तो एक वायर जोडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझे बाबा आधी मिलमध्ये होते, मिल गेल्यावर इथल्याच एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. मूळ गाव मालवणकडे. आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीला, सत्यनारायणाला, कोणाच्या नव्या घराला गाऱ्हाणं घालायचं ते बाबांनीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. मालवणी विनोदात हे ऐकून लोक हसतात. पण गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. ते एकट्याने घालता येत नाही. होय म्हणायला कोणीतरी लागतं.

माझा मोठा भाऊ, दादा, सात वर्षांपूर्वी दहिसरला राहायला गेला. जाईना का. पण त्याने गणपती वेगळा केला. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. भांडी वेगळी होतात, चूल वेगळी होते, तरी गणपतीला सगळे एका पंगतीला बसतात. दादाने आपल्या घरी स्वतःची मूर्ती आणली, आणि पुढची पाच वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. बाबा बोलत असत अधूनमधून, माझ्या नकळत. माझ्यासमोर दादाचं नाव कोणी काढायचं नाही, असा घरात अलिखित कायदा होता आणि तो मी केला होता.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल. पूर्ण. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी त्यांना स्टुडिओत घेऊन आलो. निदान गाऱ्हाणं तरी त्यांच्या आवाजात राहावं.

सकाळी साडेअकराची वेळ. मी एक माइक त्यांच्यासमोर लावला, एक माझ्यासाठी. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"होय म्हणूक कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना."

"तू असस रे. पण थोरल्याक फोन कर. आज आयतवार, घराकच असतलो. तिसरो माइक लाव त्येका. तो येयसर मी थांबतंय."

तिसरा माइक लावला. त्यांच्यासमोरच स्क्रीनवर नवा ट्रॅक काढला, त्याला 'दादा' असं नाव दिलं, वायर जोडली. मग फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेलो.

फोन केला नाही.

कानाला लावून तीन-चार मिनिटं उभा राहिलो, उघड्या दारातून, काचेपलीकडच्या बाबांना दिसेल असा. समोरच्या गाळ्यातला माणूस पुठ्ठ्याचे खोके चेपत होता, ते बघत राहिलो. आत आलो आणि म्हणालो, "तो नाही येणार म्हणाला."

बाबांनी तिसऱ्या माइककडे पाहिलं. मी तो काढायला हात पुढे केला.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "काढू नको."

त्यांनी तासभर वाट बघितली. घोट घोट पाणी पीत, दाराकडे बघत. मी काचेमागे बसून उगाच बटणं फिरवत होतो. साडेबाराला ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि सुरू केलं. गाठ असूनही काय आवाज लागला होता सांगू. रोग, शेजार, गावची राखण, पोराबाळांची शिक्षणं, सगळं मागितलं. प्रत्येक वाक्याला मी होय म्हाराजा म्हणत होतो. मग मध्येच ते थांबले, आणि म्हणाले,

"बा देवा म्हाराजा, माझो थोरलो झिल वायलो रवता. चूक त्येची असांदे नायतर आमची, ती तुझ्या पोटात घाल, आणि त्येका परत ह्या पंगतीक हाड रे म्हाराजा."

वेगळा राहणारा थोरला झिल, म्हणजे मुलगा, त्याला परत पंगतीला आण, असं ते मागणं. मी होय म्हाराजा म्हणालो. म्हणावंच लागलं, रेकॉर्डिंग चालू होतं.

खरं सांगतो, मला राग आला. हॉस्पिटलच्या रांगेत मी उभा, डबे माझी बायको प्रज्ञा नेणार, रात्रीची जागरणं आमची, आणि देवाकडे वेगळं वाक्य कोणासाठी, तर जो निघून गेला त्याच्यासाठी. मी त्या गाऱ्हाण्यात 'लेकरांक सुखी ठेव' मध्ये आलो होतो, सगळ्यांबरोबर, घाऊक.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य कापलं. त्यावरचं माझं 'होय म्हाराजा'ही कापलं. जोड खटकत होता म्हणून तिथे तीन सेकंदांची शांतता ठेवली, बाबा श्वास घेतात असं वाटावं इतपत. दादा नावाचा ट्रॅक उडवला. त्यात तसंही काही नव्हतं, मी तपासलं होतं. नुसती पंख्याची घरघर. आणि मग कामाच्या सवयीने, प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम झालं की करतो तसं, न वापरलेल्या फाइल्स साफ करण्याचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर दोनदा विचारतं की हे परत येणार नाही, नक्की का. दोन्ही वेळा हो म्हटलं.

ऑपरेशन झालं. महिन्याने गणपती आले. बाबा बारीक झाले होते, गळ्याला रुमाल, हातात वही आणि पेन्सिल. पूजा झाल्यावर त्यांनी वहीत लिहिलं — गाऱ्हाणं लाव. मी स्पीकर लावला. बिल्डिंगमधले पंधरा-वीस लोक उभे होते. बाबांचा आवाज खोलीभर झाला, आणि लोक होय म्हाराजा म्हणायला लागले. दोन-तीन बायका डोळे पुसत होत्या. बाबा डोळे मिटून हात जोडून बसले होते, प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत.

ती तीन सेकंदं आली.

स्पीकर गप्प झाला आणि बाबांचे ओठ हलत राहिले. त्यांना वाक्य पाठ होतं. ते अर्ध्यावर असतानाच टेप पुढच्या वाक्यावर गेली. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल उचलली. वहीवर टेकवली. थोडा वेळ तशीच धरली आणि काही न लिहिता खाली ठेवली. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासाठी वहीत जे लिहिलं ते पाणी, औषध आणि पंखा एवढंच.

डिसेंबरात ते गेले. दादा स्मशानात आला, लांब उभा राहिला, अंघोळ करून निघून गेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी, गणपतीच्या दहा-बारा दिवस आधी, दुपारी जेवणानंतर मी गाऱ्हाण्याचं सेशन उघडलं. वर्षाच्या आतलं म्हणून सण साधाच करायचा होता, पण टेप लावायची ठरली होती. सगळे प्रोग्रॅम उघडले, वायरी जोडल्या गेल्या. दोन असायला हव्या होत्या, बाबांची आणि माझी. स्क्रीनवर तीन होत्या. तिसऱ्या माइकपासून एक वायर 'दादा' नावाच्या ट्रॅकला.

जुनी मांडणी उघडली असेल, मला वाटलं. ट्रॅक उडवला, सेशन सेव्ह केलं, बंद केलं, परत उघडलं. परत तिसरी वायर. सेशन मॅनेजर वायरींची यादी साध्या मजकुरात लिहितो, ती कोणालाही वाचता येते. ती फाइल उघडली. यादीत दोनच वायरी होत्या. स्क्रीनवर तीन. मशीन बंद करून चालू केलं. कॉम्प्युटरवर नवं खातं काढून त्यातून उघडलं. मग टेबलाखाली शिरलो आणि बघितलं, तर तिसऱ्या सॉकेटला माइकच नव्हता. वर्षभर नव्हता.

असं दोन तास केल्यावर मला दिसलं की ट्रॅक रिकामा नाही. त्यावर एक छोटा तुकडा होता, तीन सेकंदांचा. बरोबर त्या जागी, जिथे मी शांतता ठेवली होती.

हेडफोन लावून ऐकलं. "होय म्हाराजा."

एकच आवाज. माझा नाही, बाबांचा नाही. मागे पंखा होता, आणि तो दर फेऱ्याला टक करत होता. तो टक करणारा पंखा मी सहा महिन्यांपूर्वी काढून नवा बसवला होता. फाइलवरची तारीख त्या रविवारची, वेळ पाऊण.

तुम्ही म्हणाल, साफ करताना एक फाइल राहिली असेल. राहिली असेल. पण ती मुकी फाइल होती, मी सबंध ऐकली होती. आणि त्या खोलीत त्या दिवशी दोनच माणसं होती.

घरी येऊन प्रज्ञाला ऐकवलं. काही न सांगता.

"हा दादांचा आवाज आहे," ती लगेच म्हणाली. "ते आले होते? तू तर म्हणालास आले नाहीत."

मग तिला सगळं सांगावं लागलं. फोनचं, कापल्याचं, सगळं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली.

"बाबा त्या दिवशी तुझ्याकडे असं का बघत होते, ते आज कळलं मला," ती म्हणाली. "जा आणि त्यांना ऐकव. आणि मला सोबत ये म्हणू नकोस."

गणपतीच्या आधीचा रविवार. लिंक रोडने स्कूटर काढली. तुकडा पेन ड्राइव्हवर घेतला होता, लॅपटॉप आणि हेडफोन पाठीवर. दादाचं घर दहिसरला, नदीच्या पलीकडे, नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. दार वहिनीने उघडलं. ती बाजूला झाली. हॉलमध्ये मखर अर्धं झालं होतं. दादा जमिनीवर बसून कागदाची फुलं चिकटवत होता, बाबा करायचे तशीच, पाच पाकळ्यांची.

"काय रे," तो म्हणाला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. तुला काहीतरी ऐकवायचंय."

त्याने हाताचा डिंक पुसला. मी हेडफोन दिले आणि तुकडा लावला. त्याने तीनदा ऐकला.

"माझा आवाज आहे," तो म्हणाला. "हे कधीचं?"

"बाबांचं रेकॉर्डिंग केलं त्या रविवारचं. ऑपरेशनच्या आधी."

"मी कुठे होतो तिथे?"

"नव्हतास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग कशाला होय म्हणतोय मी?"

मी सांगितलं. तिसरा माइक, पॅसेज, न लावलेला फोन, बाबांनी बघितलेली वाट. मग बाबांचं वाक्य, शब्दन् शब्द, त्यांच्याच बोलीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादा खाली मान घालून फुलाची एक पाकळी दुमडत होता, उलगडत होता.

"त्या रविवारी मी घरीच होतो," तो म्हणाला. "ऑपरेशनचं बाबा फोनवर बोललेच नव्हते, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी कळवलं होतं मला. दिवसभर फोन जवळ ठेवून बसलो होतो. ही साक्षीदार आहे. म्हटलं, बाबांचा नाहीतर तुझा, कोणाचा तरी येईल. स्वतःहून यायला तोंड नव्हतं, आणि तू दारातून परत पाठवशील ही भीती होती."

"पाठवलं असतं," मी म्हणालो.

"माहितीये."

त्याने ती पाकळी बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, "आता ते वाक्य ऐकव."

"सांगितलं ना तुला."

"तू सांगितलंस. मला बाबांच्या तोंडून ऐकायचंय."

"नाहीये ते. काढून टाकलं."

"परत आणता येत नाही?"

"नाही."

त्याने हेडफोन काढले. वायरची नीट गुंडाळी केली, लहानपणी पतंगाची दोरी गुंडाळायचा तशी, आणि माझ्या हातात दिली. "म्हणजे बाबा मला काय म्हणाले ते फक्त तुला माहीत. आणि मी होय म्हणालो, ते फक्त तुझ्या मशीनमध्ये. हेच काम आहे ना तुझं? कोणाचाही आवाज कुठेही बसवायचा. आजकाल तर म्हणे चार शब्दांवरून सगळा माणूस बनवतात."

"दादा, आईशप्पथ, मी हे बनवलेलं नाही."

"तू बाबांनाही सांगितलंस की मी नाही म्हणालो. तेव्हाही त्यांनी तुझ्यावरच विश्वास ठेवला असेल."

वहिनीने चहा आणला. दादा परत फुलं चिकटवायला बसला आणि मान वर न करता म्हणाला, "चहा घेऊन जा." मी चहा घेतला. साखर जास्त होती. पेन ड्राइव्ह त्याच्या डिंकाच्या बाटलीशेजारी ठेवून निघालो. त्याने तो परत दिला नाही, आणि उचललाही नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सेशन उघडलं. दोन वायरी. 'दादा' नावाचा ट्रॅक नाही, तुकडा नाही, फाइल नाही. डिस्कवर शोध शोध शोधलं. पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याची नोंद आहे, पण काय कॉपी केलं ते आता कुठेच नाही. माझ्यासारख्या शंभर जणांना विचारून झालंय. एक म्हणतो डिस्क खराब, एक म्हणतो सॉफ्टवेअरमधला दोष, एक म्हणतो तूच कधीतरी तंद्रीत केलं असशील. तिसरा बरोबर असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तो होय आता दहिसरला आहे, फेकला नसेल तर, आणि वाक्य माझ्याकडे, तेही नुसतं डोक्यात.

गणपतीच्या दिवशी टेप लावली. थोडेच लोक होते. बाबांचा आवाज मागत गेला, आम्ही होय म्हणत गेलो. ती तीन सेकंदं आली तेव्हा मी आधीच ठरवल्याप्रमाणे पुढे झालो, हात जोडले आणि बाबांचं वाक्य मोठ्याने म्हणायला लागलो. "माझो थोरलो भाव वायलो रवता..." भाव म्हणालो, झिल नाही. तो तेवढा बदल करावा लागला. लोक चमकून बघायला लागले. वाक्य तीन सेकंदांत मावत नाही, मला ते माहीत होतं, तरी घाईघाईने म्हणत राहिलो. प्रज्ञाने होय म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो होय तिचा नव्हता.

मी 'चूक' या शब्दावर होतो तेव्हा बाबांचा आवाज माझ्यावरून पुढे गेला. बिल्डिंगच्या राखणीचं मागणं सुरू झालं. सगळे होय म्हाराजा म्हणाले. मग मीही म्हणालो.